रिकाम्या फिश बाऊलचे घरात काय करावे

मुंबईतल्या कितीतरी घरांत पोटमाळ्यावर किंवा वॉशिंग मशीनच्या मागे काचेचा एक गोल फिश बाऊल धूळ खात पडलेला असतो. मुलांच्या हट्टापायी क्रॉफर्ड मार्केटमधून किंवा कुर्ल्याच्या रविवारच्या बाजारातून दोन गोल्डफिश आणले जातात, काही आठवड्यांत ते दगावतात आणि भांडे मात्र कधीतरी उपयोगी पडेल म्हणून राहून जाते. त्यात पुन्हा मासे सोडण्याचा विचार असेल, तर तो सोडून द्यावा. गोल्डफिश नीट वाढला तर वीतभर होतो आणि दहा-दहा वर्षे जगतो. गोल बाऊलमध्ये ना त्याला पोहायला जागा, ना फिल्टर बसवायला. पाणी थोडे असल्यामुळे माशांच्या विष्ठेतून तयार होणारा अमोनिया त्यात लवकर साठतो. रोम शहराने तर २००५ मध्ये माशांसाठी गोल बाऊल वापरण्यावर बंदीच घातली. भांडे माशांसाठी वाईट असले, तरी इतर अनेक कामांसाठी ते उत्तम आहे.

कोणते काम, हे भांड्याच्या घडणीवरून ठरवावे. फिश बाऊलला तळाशी छिद्र नसते, त्यामुळे त्यात घातलेले पाणी कुठूनही निघून जात नाही. त्याचे तोंड पोटापेक्षा अरुंद असते, म्हणून आत हात घालून काम करणे आणि आतली हवा खेळती ठेवणे अवघड जाते. आणि पाण्याने भरलेला गोल बाऊल भिंगासारखा वागतो: दुपारचे ऊन थेट त्यावर पडले, तर पलीकडे किरण एकवटून पडदा, वर्तमानपत्र किंवा सोफ्याचे कापड पेटू शकते. पश्चिमेकडे खिडक्या असलेल्या घरांत ही शक्यता हसण्यावारी नेण्यासारखी नाही. या तीन गोष्टी ध्यानात ठेवल्या, की कोणता उपयोग टिकेल आणि कोणता दोन महिन्यांत फसेल, हे बरेचसे आधीच कळते.

आधी स्वच्छता

जुने खडे, प्लास्टिकची झाडे आणि तळाचा गाळ काढून भांडे कोमट पाण्याने विसळावे. उकळते पाणी कधीही ओतू नये. साधी काच तापमानातला एकदम झालेला फरक सहन करत नाही आणि तडकते. मुंबईच्या नळाचे पाणी तलावांतून येत असल्याने ते फारसे क्षारयुक्त नसते, पण पाणी महिनोन्महिने आटत आणि भरत राहिले, की काचेवर पांढरी रेघ बसतेच. टँकरचे किंवा बोअरवेलचे पाणी असेल तर ती अधिक जाड असते. व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्व विरघळवलेल्या पाण्यात भिजवलेला कपडा त्या रेघेवर अर्धा तास चिकटवून ठेवावा आणि मग जुन्या टूथब्रशने घासावे. तळाच्या वळणावर हात पोचत नसेल, तर मूठभर तांदूळ आणि साबणाचे पाणी घालून भांडे गोल फिरवावे. मासे आजारी पडून मेले असतील, तर व्हिनेगर पूर्ण धुऊन काढल्यानंतर, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असे मिश्रण दहा मिनिटे ठेवून ओतून द्यावे आणि वास जाईपर्यंत विसळावे. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र येता कामा नयेत, कारण त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

भांडे वाळल्यावर ते उजेडात धरून कडेवरून हळूच बोट फिरवावे. केसासारखी बारीक चीर दिसली किंवा कड लागली, तर ते भांडे पाण्याच्या कामासाठी बाद समजावे. वजनाचाही अंदाज घ्यावा. आतून २० सेंटिमीटर व्यासाचा बाऊल दोन तृतीयांश उंचीपर्यंत भरला, तर त्यात सुमारे ३ लिटर पाणी मावते. ३० सेंटिमीटरच्या बाऊलमध्ये तेवढ्याच उंचीला १० लिटरहून अधिक मावते, म्हणजे काचेचे वजन सोडूनही १० किलोंपेक्षा जास्त भार होतो. भिंतीतल्या दोन ब्रॅकेटांवर टेकलेल्या फळीला हा भार झेपेलच असे नाही. भरलेला बाऊल काठाला धरून कधीही उचलू नये. दोन्ही तळवे खाली घालूनच उचलावा.

काचेतली बाग

सर्वाधिक समाधान देणारा उपयोग म्हणजे टेरारियम, अर्थात काचेतली छोटी बाग. या कल्पनेचे मूळ लंडनमधले डॉ. नॅथॅनियल बॅगशॉ वॉर्ड यांच्याकडे जाते. १८२९ साली त्यांनी एका पतंगाचा कोश ओल्या मातीसह बंद बाटलीत ठेवला होता. पतंगाऐवजी त्या मातीतून नेचा आणि गवत उगवले आणि पाणी न घालता टिकले. पुढे याच तत्त्वावर बनवलेल्या काचेच्या पेट्यांतून चीनमधली चहाची रोपे जहाजाने हिंदुस्थानात आली, तेव्हा आपल्या सकाळच्या चहाचे या बाटलीशी दूरचे नाते आहेच. फिश बाऊल वरून उघडा असल्याने ओलावा त्यात कायमचा कोंडून राहत नाही, परंतु साध्या कुंडीच्या मानाने माती पुष्कळ उशिरा वाळते.

साधारण २५ सेंटिमीटरच्या बाऊलसाठी तळाशी दोन-तीन सेंटिमीटर खडे घालावेत. माशांचेच जुने खडे स्वच्छ धुऊन चालतात, नवे आणायची गरज नाही. त्यावर लाकडी कोळशाच्या चुऱ्याचा बोटाच्या पेराइतका थर द्यावा. कोळशामुळे साचलेल्या ओलाव्याचा कुबट वास कमी होतो. वर नायलॉनच्या जाळीचा गोल तुकडा अंथरावा, म्हणजे माती खड्यांत उतरत नाही. मग दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत आणि एक भाग जाड वाळू यांचे पाच-सहा सेंटिमीटर मिश्रण घालावे. हे मिश्रण मुठीत दाबले असता गोळा व्हावे, पण बोटांतून पाणी निथळू नये, इतकेच ओले असावे. तोंड अरुंद असल्याने रोपे लावताना लांब दांड्याचा चमचा आणि एक जुना चिमटा हाताशी ठेवावा.

रोपांच्या निवडीत बहुतेकांची फसगत होते. दुकानांत आणि समाजमाध्यमांवर दिसणाऱ्या काचेच्या भांड्यांत सक्युलंट, म्हणजे जाड, रसाळ पानांची रोपे, लावलेले असतात आणि ते दिसतातही देखणे. मात्र जून ते सप्टेंबर या काळात मुंबईच्या हवेत जो दमटपणा असतो, त्यात छिद्र नसलेल्या भांड्यातले सक्युलंट मुळापासून कुजते. ते विकत घेणे म्हणजे पावसाळ्यापर्यंतचे भाडे भरण्यासारखे आहे. त्यापेक्षा फिटोनिया, पेपरोमिया, सिंगोनियम, छोटे नेचे अशी ओलावा आवडणारी रोपे घ्यावीत. दोन किंवा तीन रोपे पुरेत. ती लावल्या दिवशी विरळ वाटतात, पण सहा महिन्यांत एकमेकांच्या अंगावर येतात.

पाणी घालताना मग किंवा झारी बाजूला ठेवून चमचा वापरावा. काचेचा एक मोठा फायदा असा, की आत काय चालले आहे ते बाहेरून दिसते. खड्यांच्या थरात पाण्याची रेघ दिसत असेल, तर वरून माती सुकी वाटली तरी थांबावे. ती रेघ चढत चढत कोळशापर्यंत आली, तर काठीला गुंडाळलेला सुती कपडा काचेच्या कडेने खाली सरकवून पाणी टिपून घ्यावे. खड्यांमुळे पाण्याचा निचरा होतो, असा एक समज आहे. प्रत्यक्षात पाणी भांड्याच्या बाहेर जातच नाही, फक्त मुळांपासून थोडे दूर थांबते. म्हणून खड्यांच्या भरवशावर सढळ हाताने पाणी घालू नये. भांडे खिडकीपासून हातभर आत, भरपूर उजेड पण थेट ऊन नाही, अशा जागी ठेवावे.

नुसत्या पाण्यातली रोपे आणि डास

मातीची कटकट नको असेल, तर मनी प्लांट, सिंगोनियम किंवा लकी बांबू नुसत्या पाण्यात छान वाढतात. मनी प्लांटची फांदी कापताना निदान दोन पेरे पाण्याखाली जातील, अशा बेताने कापावी, कारण मुळे पेरांतूनच फुटतात, आणि पाण्याखाली येणारी पाने काढून टाकावीत, नाहीतर ती कुजून पाणी गढूळ करतात. स्वयंपाकघराच्या खिडकीत गवती चहाचे बुडखे किंवा पुदिन्याच्या काड्याही अशाच रुजवता येतात. मुळे बोटभर झाली, की त्या कुंडीत हलवाव्यात. रताळ्याचा अर्धा भाग पाण्यात राहील असा काड्यांनी अडकवून ठेवला, तर त्याचा वेल पडद्याच्या दांडीपर्यंत जातो. लहान मुलांना मुळे वाढताना दाखवायची असतील, तर रताळ्याइतका हुकमी प्रयोग दुसरा नाही.

मुंबईत असे भांडे ठेवताना डेंग्यूचा विचार पहिल्यांदा करावा लागतो. डेंग्यू पसरवणारा एडिस डास गटारात नव्हे, तर घरातल्या स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पावसाळ्यात महापालिकेच्या कीटकनाशक विभागाचे कर्मचारी घरोघरी येतात, तेव्हा फ्रिजमागच्या ट्रेबरोबर ते मनी प्लांटच्या आणि बांबूच्या भांड्यांतही डोकावतात, ते यासाठीच. आठवड्यातून एक ठरावीक दिवस कोरडा दिवस म्हणून पाळावा. त्या दिवशी पाणी ओतून टाकणे एवढेच पुरेसे नसते, कारण एडिसची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर काचेलाच चिकटलेली असतात आणि कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात; नवे पाणी भरले, की ती पुन्हा जिवंत होतात. म्हणून आतली बाजू, विशेषतः पाण्याच्या रेषेचा पट्टा, घासणीने खरवडून धुवावा. ते पाणी कुंडीत किंवा बाथरूमच्या मोरीत ओतावे, गच्चीवरच्या डबक्यात नको. बाहेरगावी जाणार असाल, तर तोंडावर मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा रबराने घट्ट बसवावा.

इथे कोणीतरी गप्पी माशांचा उपाय हमखास सुचवते. गप्पी डासांच्या अळ्या खातात आणि महापालिका ते विहिरींत सोडतेही, हे खरे. पण विहीर आणि तीन लिटरचे भांडे यांत फरक आहे.

बाप्पाचे घरच्या घरी विसर्जन

मोठ्या तोंडाचा, ३० सेंटिमीटर किंवा त्याहून मोठा बाऊल असेल, तर शाडूच्या छोट्या मूर्तीचे विसर्जन त्यात अत्यंत सुंदर होते. बादलीत मूर्ती दिसेनाशी होते. काचेत मात्र ती हळूहळू मातीत परतताना सगळ्या घराला पाहता येते. यासाठी मूर्ती ठरवायला जाण्यापूर्वी भांड्याच्या तोंडाचे माप घेऊन ठेवावे, कारण मूर्तीची बैठक तोंडातून आत जायला हवी आणि मुकुटावर चार बोटे पाणी राहायला हवे. सहा इंचांपर्यंतची मूर्ती सोयीची पडते, त्याहून मोठीला बादली किंवा टबच बरा.

भांडे तिपाईवर न ठेवता जमिनीवर, पाटावर जाड सुती कापड अंथरून ठेवावे आणि आधी दोन तृतीयांशच पाणी भरावे, म्हणजे मूर्ती ठेवल्यावर ते सांडत नाही. हार, दूर्वा, वस्त्र, दागिने आणि चिकटवलेले खडे काढून घ्यावेत. उत्तरपूजा, आरती झाली, की मूर्ती दोन्ही हातांनी खाली सोडावी. अरुंद तोंडातून वरून सोडून दिली, तर तळाची काच तडकू शकते. कच्च्या शाडूला बुडबुडे येऊ लागतात, कडा सुटतात आणि लहान मूर्ती बहुधा रात्रभरात विरघळते. ऑइलपेंटचा थर असेल तर वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी, रंग नैसर्गिक असतील तर, वरचे निवळलेले पाणी झाडांना घालावे. तळाची माती मात्र एकाच कुंडीत ओतू नये, कारण शाडू अतिशय बारीक आणि चिकट असतो आणि मुळांची हवा कोंडतो. ती वाळवून थोडी थोडी बागेच्या मातीत मिसळावी किंवा मूर्तिकार परत घेत असेल तर त्याला द्यावी. सिंकमध्ये किंवा मोरीत ती गेली, तर पाइप तुंबलाच म्हणून समजा. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती या पद्धतीने विरघळत नाही, तिच्यासाठी पालिकेचा कृत्रिम तलाव गाठावा.

मासे ठेवलेल्या भांड्यात देवाचे विसर्जन करणे काही घरांत पटणार नाही. मत्स्याला अवतार मानणाऱ्यांनी माशाच्या स्वच्छ धुतलेल्या भांड्याचे एवढे वावडे मानू नये, असे मला वाटते. पण घरातल्या वडीलधाऱ्यांचे मन मोडून ते करण्यातही अर्थ नाही.

फुले आणि दिवे

दारात पितळी घंगाळात पाणी भरून त्यावर फुले तरंगत ठेवण्याची पद्धत आपल्याकडे आहेच. फ्लॅटच्या दाराशी घंगाळाला जागा नसते, तिथे हा बाऊल चालतो. दादरच्या फूलबाजारातून आणलेला झेंडू देठ पूर्ण कापून वापरावा, म्हणजे तो उताणा तरंगतो; पाकळ्या पसरण्यापेक्षा अख्खी फुले ठेवली तर पाणी दुसऱ्या दिवशीपर्यंत स्वच्छ राहते. मोगरा सुंदर दिसतो, पण पाण्यात लवकर तपकिरी पडतो.

दिवाळीत आत पणती ठेवायची असेल, तर फक्त रुंद तोंडाच्या बाऊलमध्ये, तळाशी तीन बोटे कोरडी वाळू घालून, पणती बरोबर मधोमध ठेवावी. अरुंद तोंडाच्या भांड्यात वरची काच ज्योतीने तापते आणि तडकते. अशा भांड्यात बॅटरीवर चालणारी एलईडी माळच सोडावी. समुद्राच्या खाऱ्या, दमट हवेत बॅटरीच्या डबीची पत्री फार लवकर गंजते, म्हणून सण संपल्यावर सेल काढून ठेवावेत.

कोरडे उपयोग

पाण्याविना करण्यासारखे उपयोग अनेक आहेत आणि त्यांत फारसे शिकण्यासारखे काही नाही: दाराजवळ किल्ल्या आणि सुटी नाणी, शिवणकामाची रिळे, मुलांचे खडू, प्रवासात गोळा केलेले शंख. वाळवलेल्या गुलाबपाकळ्या ठेवायच्या असतील, तर त्या ऑक्टोबर ते मे एवढ्याच काळात ठेवाव्यात. पावसाळ्यात त्यांना बुरशी धरते.

यांत एक उपयोग मात्र खास आपल्याकडचा आहे. भिशीच्या चिठ्ठ्या काढायला यासारखे भांडे नाही. सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या आत पडलेल्या सर्वांना दिसतात, तोंडातून फक्त हात जातो, आणि कोणाची चिठ्ठी डब्याच्या कोपऱ्यात अडकून राहिली, अशी कुजबुज व्हायला वाव राहत नाही. चिठ्ठ्या एकाच कागदाच्या, एकाच मापाच्या आणि दोनदा घडी घातलेल्या असाव्यात आणि हात घालणाऱ्याने वर पाहावे, कारण काचेतून आतले सगळे दिसते. ज्या सोसायट्यांत गाड्या अधिक आणि पार्किंगच्या जागा कमी असल्याने चिठ्ठ्या टाकल्या जातात, तिथल्या सभेतही हे भांडे सचिवांच्या फार कामाला येईल. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यात तिळगुळाच्या कागदी पुड्या भरून ठेवता येतात. उघडे खाद्यपदार्थ मात्र ठेवू नयेत. माशांच्या आजारांवरची काही औषधे माणसाच्या पोटात जाण्याजोगी नसतात आणि पूर्वी त्या पाण्यात काय घातले गेले, हे सहसा कोणाच्या लक्षात नसते.

भांडे पालथे घालूनही वापरता येते. नुकत्याच लावलेल्या कलमावर पालथा घातलेला बाऊल ओलावा धरून ठेवतो. एसी चालणाऱ्या खोलीत याचा उपयोग होतो. पावसाळ्यात गरज नसते. दिवसातून एकदा तो उचलून हवा द्यावी आणि त्यावर ऊन पडू देऊ नये, नाहीतर आत रोप उकडून निघते. रस्त्यालगतच्या घरांत धूळ फार येते, तिथे लाकडी पाटीवर ठेवलेले एखादे जुने घड्याळ किंवा चांदीची छोटी मूर्ती झाकायलाही तो बरा पडतो.

बाऊल दोरीच्या जाळीत बांधून टांगण्याची हौस असेल, तर आत कोरड्याच वस्तू किंवा फार तर एक लिटर पाणी ठेवावे, दोरी सुतीऐवजी नायलॉनची घ्यावी, कारण दमट हवेत सूत कुजते, आणि हूक छताच्या काँक्रीटमध्ये बसवावा, पीओपीच्या फॉल्स सीलिंगमध्ये नव्हे. खिडकीच्या ग्रिलबाहेर तो कधीही टांगू नये. खाली माणसे चालत असतात.

चीर गेलेला बाऊल कोरड्या वस्तूंसाठीही फार दिवस ठेवू नये. भंगारवाला अशी काच घेईलच असे नाही. टाकताना ती वर्तमानपत्राच्या चार-पाच पदरांत गुंडाळून, जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून, चिकटपट्टीने बंद करून, वर मोठ्या अक्षरांत 'काच' असे लिहावे आणि सुक्या कचऱ्यात वेगळी द्यावी, म्हणजे कचरा वेगळा करणाऱ्या कामगाराचा हात कापणार नाही.